भिवंडी बायपासवरचा हात

व्याही जिताडं खायला आलेले नाहीत, हे गोदाला त्यांच्या चपलांवरून कळलं. कोलशेतच्या या घरी येणारा पाहुणा चपला आत, जिन्याखालच्या कपाटापाशी काढतो. संदेशरावांनी त्या उंबऱ्याबाहेरच काढल्या आणि काढताना टोकं फाटकाकडे वळवून ठेवली. शीलाताईंनी नवऱ्याचं पाहून तसंच केलं. त्यांची मुलगी शिवानी तेवढी नेहमीसारखी आत येऊन कपाटापाशी वाकली. लग्न वैशाखात होतं, पण पोरीनं घर आधीच आपलंसं करून घेतलं होतं.

फोनवर संदेशराव हळदीचं ठरवायला येतो म्हणाले होते. आगऱ्यांकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते, हे डोंबिवलीच्या या कोकणी कुटुंबाला साखरपुड्यापासून थोडंथोडं समजावून सांगणं चालू होतं. म्हणून धाकूनं, गोदाच्या दिरानं, सकाळीच खाडीवरच्या ओळखीच्या कोळ्याकडून ताजं जिताडं आणवलं होतं आणि पाहुण्यांना आणायला पुतण्याला, म्हणजे नवऱ्या मुलाला, गोदाच्या हर्षितला, मोठी गाडी घेऊन धाडलं होतं. मोठी गाडी अंगणात उभी असताना व्याह्यांसाठी छोटी गाडी पाठवणं धाकूच्या बुद्धीला पटणारं नव्हतं.

मोठी गाडी काळी होती, जर्मन होती, आणि तिची चारही चाकं एका वेळी जोर लावतात हे धाकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. तो स्वतः चालवत नसे. तो मागे डावीकडे बसत असे. गाडी घेतली त्या दिवशी ती आधी एकवीरेच्या पायथ्याशी नेली, चाकाखाली लिंबं फोडली, आणि परत येताना धाकूनं मुद्दाम ती टेंभी नाक्यावरून फिरवायला लावली. त्या नाक्यावर लहानपणी तो बापाबरोबर मिठाची पोती घेऊन जायचा आणि तिथले दुकानदार त्याला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. मिठागर गेलं, त्यावर बिल्डरचे मनोरे उभे राहिले, आणि धाकूचं म्हणणं एवढंच होतं की आता माणसानं बोलायचं नसतं, आपल्या वतीनं गाडीनं बोलायचं असतं.

चहा झाला. संदेशरावांनी कप पूर्ण रिकामा केला, बशीत नीट ठेवला, मग खिशातून फोन काढला.

"हळदीचं नंतर बोलू," ते म्हणाले. "आधी हे बघा."

व्हिडिओ लहान होता. भिवंडी बायपासवर कुणीतरी चालत्या गाडीतून काढलेला. मागून काळी गाडी येते, डावीकडून निघून जाते, पुढचे दोन ट्रक एकामागोमाग बाजूला होतात, आणि गाडी लहान होत दिसेनाशी होते. जाताना चालकाच्या बाजूच्या उघड्या काचेवर टेकलेला हात दिसतो. हातावर सोनं चमकत होतं. खाली लिहिलं होतं : खाडीची जमीन विकली, आता रस्तापण विकत घेतला. स्पीड २००.

व्हिडिओ मंगळवारचा होता. संदेशरावांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत तो गुरुवारी पोचला, आणि साखरपुड्याच्या फोटोत हीच गाडी, हाच नंबर सगळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे, संदेशरावांना गाडी कुणाची ते सांगायची गरजच पडली नाही.

"मीच होतो," हर्षित म्हणाला.

इतक्या लवकर म्हणाला की गोदाला त्याची दया आली. व्हिडिओ चालू असताना त्यानं एकदाच आईकडे पाहिलं होतं आणि लगेच नजर फरशीवर नेली होती. म्हणजे त्यानं हात ओळखला होता. त्याच्या उजव्या मनगटात सोन्याचं कडं होतं, काकानं घातलेलं, आणि खोलीतल्या बाकी सगळ्यांना काचेवर तेच कडं दिसलं होतं. गोदानं आपला उजवा हात पदराखाली घेतला. पाटल्या, त्यांच्या मागेपुढे बांगड्या. मंगळवारी टिटवाळ्याच्या गणपतीला जाताना ती सगळं घालूनच जायची.

गाडी चालवायला ती आज शिकलेली नव्हती. तिच्या नवऱ्याचा, विठ्ठलचा, रेतीचा धंदा होता तेव्हा ड्रायव्हर आला नाही की अंगणातला ट्रक मागेपुढे करायचं काम तिच्याकडे असायचं. पुढे तिनं लायसन काढलं. विठ्ठल गेल्यावर ती छोट्या गाडीनं देवाला, बाजारात जायला लागली, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं ती कुठल्या दुकानातून तांदूळ आणते ते माहीत होतं. लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका मंगळवारी बायपासवर एका कंटेनरनं तिला दाबत दाबत डांबराखाली उतरवलं. ड्रायव्हरनं खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या मंगळवारी छोटी गाडी दुरुस्तीला होती म्हणून ती मोठी घेऊन गेली, आणि तसाच एक कंटेनर तिनं हॉर्न न देताच बाजूला झाला. गोदाला याचं नवल वाटलं. बाई तीच होती, रस्ता तोच होता. मग तिनं दर मंगळवारी ते पडताळून पाहायला सुरुवात केली. वेग नंतर आला. धाकू उठायच्या आत गाडी परत अंगणात असायची. चावी देव्हाऱ्याखालच्या वाटीत असे आणि तिला कुणी हात लावला की नाही, हे देवाखेरीज कुणाला कळत नसे. बहुधा हर्षितलाही नाही, निदान हा व्हिडिओ बघेपर्यंत.

संदेशराव आवाज न चढवता बोलत होते. ते एका औषधाच्या कंपनीत आयुष्यभर दर्जा तपासायच्या खात्यात होते, आणि तसेच बोलत होते. त्यांना गाड्यांशी वैर नव्हतं. पण अशा गाडीबद्दल लोक काय बोलतात ते त्यांनी ऐकलेलं होतं. की या गाड्यांना कंपनी इंडिकेटर देतच नाही. की फोर-व्हील-ड्राइव्ह घेतात आणि मॉलच्या पार्किंगच्या उतारावर अडकतात. की आत बसलेला पोरगा बापाचं विकून खातो. ते अशा वेळी म्हणत आले होते की आमचे जावई तसे नाहीत.

"आज सकाळी तुम्ही आम्हाला आणलंत," ते हर्षितला म्हणाले, "काटा पन्नासच्या वर गेला नाही. मी सगळा वेळ बघत होतो. मला वाटलं, किती छान नाटक करतो हा मुलगा."

हर्षित खरोखरच पन्नासनं चालवत असे. त्याला ती गाडी झेपत नव्हती. लांबून येताना त्याची पाठ धरायची. पाठीचं हे त्याच्याखेरीज फक्त त्याच्या आईला माहीत होतं.

धाकूनं यावर माफी मागायला हवी होती. त्यानं सुरुवातही तशीच केली, पण गोदानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा काळजीच्या खाली तिला दुसरंच काही दिसलं. आजवर पुतण्या ती गाडी बैलगाडीसारखी हाकतो म्हणून तो कुढत होता. आता पोरानं नाव काढलं होतं.

"तरणा पोर हाय, संदेशभाऊ," तो म्हणाला. "अशी गाडी हातात आली का पाय दाबला जातोच. लगीन झालं का उतरंल आपोआप. आमचं नाय उतरलं?"

"माझ्या मुलीनं शेजारी बसून ते उतरायची वाट बघायची का?"

संदेशरावांनी मग जे सांगायला ते आले होते ते सांगितलं. वैशाखाचं राहू द्या. तारीख जरा पुढे ढकलू. दिवाळीनंतर बघू.

लग्न पुढे ढकलणं म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. शिवानी नखानं सोफ्याची शिवण खरवडत होती. शीलाताई भिंतीवरच्या विठ्ठलच्या फोटोकडे बघत बसल्या होत्या. आल्यापासून त्या पाणी नको याखेरीज काही बोलल्या नव्हत्या.

त्यातून वाट काढली जागृतीनं. निदान तिला तसं वाटलं. धाकूची ही मुलगी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झाली होती आणि चुकीचा आकडा तिला बघवत नसे. दोनशे हे कुणीतरी मनानं टाकलेलं आहे, ती म्हणाली, आणि ते तपासता येतं. तिनं संदेशरावांकडून फोन मागून घेतला. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांची आणि मधल्या मोकळ्या जागेची लांबी ठरलेली असते. गाडीनं अमुक वेळात किती पट्ट्या मागे टाकल्या ते मोजलं की झालं. ती व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे नेत राहिली आणि मोठी माणसं परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी बसून राहिली.

"एकशे तीस," तिनं शेवटी जाहीर केलं. "फार तर एक-दोन वर."

काटा एकशे बत्तीसवर होता. गोदाला पुतणीचं मनापासून कौतुक वाटलं.

बाकी कुणाला वाटलं नाही. दोनशे ही अफवा होती, तिच्यावर विश्वास न ठेवण्याची सोय होती. एकशे तीस खरे होते. संदेशरावांनी मान हलवली आणि थँक्यू म्हणाले, आणि जागृतीला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. ती कानापर्यंत लाल झाली. फोन परत देण्याऐवजी ती थांबवलेल्या चित्राकडे बघत राहिली, मग तिनं दोन बोटांनी ते मोठं केलं.

गोदा उठली. उठायचं काही कारण नव्हतं, पण बसून हे सांगता येईल असं तिला वाटेना.

"हर्षित नव्हता," ती म्हणाली. "गाडी मी चालवत होती."

धाकू हसला. वाईट हसला नाही, सांभाळून घेतल्यासारखं हसला.

"बस वयनी," तो म्हणाला. "पाहुण्यांना कळतं, आयस हाय ती."

"आईचं काळीज," संदेशराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "विहीणबाई, तुमच्याबद्दल आमच्या मनात काहीच नाही. तुम्ही मध्ये पडू नका."

मी टिटवाळ्याहून येत होती, गोदा म्हणाली. दर मंगळवारी जाते. छोटी गाडी नेते ना, धाकू म्हणाला. गोदा म्हणाली, आता मोठी नेते. धाकूनं व्याह्यांकडे बघून हात पसरले : बघा, आता ही ऐकायची नाही. तिनं काटा कुठे होता ते सांगितलं असतं तरी त्यांनी ते हर्षितनं तिला सांगितलं असंच धरलं असतं. गोदाला संताप आला नाही. तिला तो कंटेनरचा ड्रायव्हर आठवला. त्यालाही या गाडीत कोण आहे ते बघायचं नव्हतं. मनात ठरलेलं होतं तेच बसलंय असं धरून तो बाजूला झाला होता. ज्याचा तिला इतके मंगळवार फायदा झाला, तेच आता तिच्या समोर सोफ्यावर बसलं होतं.

"आई खरं बोलतायत," शिवानी म्हणाली.

संदेशराव तिच्याकडे वळले.

"मंगळवारी सकाळी हर्षित माझ्याबरोबर होता. डोंबिवलीत. आम्ही इडली खाल्ली, मग त्यानं मला ऑफिसला सोडलं. रिक्षानं."

"तू मंगळवारी लवकर मीटिंग आहे म्हणालीस."

"हो बाबा. म्हणाले."

"आणि गेले तीन दिवस घरात एवढं चाललंय, तू गप्प?"

"मला वाटलं हा सांगेल," शिवानी म्हणाली. ती वडिलांकडे नाही, हर्षितकडे बघत होती. "मला बघायचं होतं, हा सांगतो का."

हर्षितनं आईला वाचवलं होतं, शिवानीलाही वाचवलं होतं, आणि आता त्या दोघी त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्याला दोघींची माफी मागावीशी वाटावी. जागृतीनं फोन संदेशरावांपुढे धरला. मोठं केलेलं चित्र दाणेदार होतं, पण मनगटावर एकच कडं नव्हतं. कोपरापर्यंत ओळीनं सोनं होतं. गोदानं पदराखालचा हात बाहेर काढला आणि फोनच्या शेजारी धरला.

संदेशराव बराच वेळ त्या दोन हातांकडे बघत होते. प्रयोगाचं उत्तर वेगळं आलं की ते मान्य करायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि त्यांनी ते केलं. हर्षितला सॉरी म्हणाले. वैशाखाची तारीख तशीच राहू द्या म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले की एक व्यावहारिक गोष्ट आहे.

"लोकांना आपण हर्षितच होता असंच सांगू. तो कबूल झाला, आता सुधारेल. तरुण मुलगा म्हटलं की लोक चार दिवसांत विसरतात. पण नवऱ्या मुलाची आई…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "मी काय सांगणार सकाळी त्या मंडळींना?"

धाकू लगेच त्यांच्या बाजूला झाला. काही वेळापूर्वी दोघांमध्ये जे काही ताणलेलं होतं ते या एका मुद्द्यावर सैल पडलं; व्याही व्याह्याला शोभला. घरातली बाई रस्त्यावर गाडी पळवते यापेक्षा पोरगा पळवतो हे केव्हाही बरं, तो म्हणाला. हर्षितही मान हलवायला लागला होता. त्याला आधीपासून तेच सोपं वाटत होतं.

शिवानीनं हर्षितच्या हलणाऱ्या मानेकडे पाहिलं, आणि गोदानं शिवानीकडे. पोरगी लग्न मोडणार नव्हती. पण आजची ही मान तिच्या लक्षात राहणार होती. आणखी वीस वर्षांनी कुठल्या तरी भांडणात ती निघणार होती. गोदानं असं घर चालवून पाहिलं होतं.

"नाय," गोदा म्हणाली. "माझ्या पोरानं केलं नाय ते त्याच्या नावावर नको. माझं नाव सांगा. गोदानं चालवली म्हणून सांगा, आणि चूक होती म्हणून सांगा. कुणी पुढे आलं असतं तर मेलं असतं. ते मना त्याच वेळी कळत होतं."

"मग कशाला चालवलीस?" धाकूनं विचारलं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"पळते म्हणून."

हे त्याला पटलं. मग त्याला आपण घरचा कर्ता असल्याची आठवण झाली. असं असेल तर चावी माझ्याकडे राहील, तो म्हणाला, आणि देवाला जायचं तर हर्षित नेईल. गोदाला वाटलं होतं त्यापेक्षा हे जड गेलं. मंगळवारची सकाळ तेवढी आठवड्यात तिची एकटीची होती. उरलेल्या दिवसांत कुणी ना कुणी तिला हाक मारत असे. पण ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि चावी आणून दिराच्या हातात ठेवली. धाकूनं ती शर्टाच्या खिशात टाकली. चालवता येत नसलेल्या माणसाच्या खिशात ती बराच वेळ टोचत राहिली असावी, कारण जेवताना त्यानं दोनदा तिची जागा बदलली.

जिताडं सगळ्यांनी खाल्लं. हळदीला बँजो नको, नुसता ढोल ठेवा, यावर दोन्ही व्याह्यांचं थोडं वाजलं, आणि ते बरंच झालं.

निघताना चावी हर्षितला मिळाली. पाहुण्यांना त्यांच्या दारापर्यंत पोचवायला घरची बाई सोबत गेली पाहिजे, ही रीत धाकूलाच आठवली, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात येईपर्यंत गोदा गाडीत बसलीही होती. पुढे संदेशराव, मागे शिवानी, शीलाताई आणि गोदा. माणकोलीच्या पुलावरून डोंबिवलीला जायचं तर आधी बायपासच धरावा लागतो. हर्षितनं गाडी पन्नासवर नेली आणि तिथेच ठेवली. ट्रक मागून हॉर्न देत होते. भाजीचा एक टेम्पो त्यांना ओलांडून गेला, आणि त्याच्या ड्रायव्हरनं या काळ्या गाडीत असं झालंय तरी काय हे वाकून पाहिलं. मग एक स्कूटर गेली, तिच्यावर तिघं होते.

संदेशराव समाधानानं पुढे बघत होते. शिवानी झोपली होती किंवा तसं दाखवत होती. शीलाताईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि गोदाच्या बाजूला कलल्या.

"ताई, एक विचारू?" त्या हळूच म्हणाल्या. "एकशे तीसला कसं वाटतं हो?"

गोदानं विचार केला. इतक्या चौकशीत हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

"शांत," ती म्हणाली. "लय शांत वाटतं."

शीलाताईंनी मान हलवली. काही वेळ त्या समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिल्या. रस्ता लांबपर्यंत मोकळा होता, आणि मागचा ट्रक आता हॉर्न द्यायचं सोडून नुसता वाट बघत होता.

"जरा वाढवा की," मागून आवाज आला.

संदेशराव झटकन वळले आणि गोदाकडे बघून काही बोलणार, एवढ्यात शीलाताई म्हणाल्या, "त्या नाही. मी बोलले."